पाच टर्न कमी

रविवार, ११ जानेवारी २०२६

महेकने ही डायरी आणून दिली. कुठल्यातरी बियाण्यांच्या कंपनीची फुकटची आहे, वर ट्रॅक्टर छापलाय. म्हणाली, "पप्पा, दिवसभर लॅपटॉपशी भांडता, त्यातलं थोडं इथे भांडा." ठीक आहे. मराठी शाळेत निबंधाचं बक्षीस मलाच मिळायचं, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं दिसतं.

भांडण असं. माझं जळगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर येते, आतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळून बसवायची. कोणत्या मोटरच्या कॉइलला किती टर्न, म्हणजे तारेचे किती वेढे, हे पक्कं माहीत पाहिजे. वेढे कमी पडले तर मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. ते सगळं माझ्या डोक्यात आहे. पण डोकं अठ्ठावन्न वर्षांचं झालंय, म्हणून महेकला ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचंय. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. तिने लॅपटॉपवर एक एआय मदतनीस बसवून दिलाय. मी मराठीत सांगायचं, त्याने प्रोग्राम लिहायचा. प्रोग्रामचं नाव 'मोटर-वही'.

बसल्या जागी सल्ले देतो, उठून पाण्याचा ग्लास घेत नाही, आणि घरातले सगळे त्याच्याशी जपून बोलतात. म्हणून मी त्याला जावई म्हणतो. महेकला ते आवडत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. भंवरलालजी तिळगूळ घेऊन आले आणि मागून हातगाडीवर त्यांच्या डाळ मिलची दहा हॉर्सपॉवरची मोटर आली. "अमीनभाई, गोड बोला आणि मोटर लवकर द्या. तुरीचा सीझन आहे. तुमच्या वडिलांनी बांधलेली मोटर, दुसऱ्याच्या हातात दिली आणि पस्तावलो." दुसऱ्या कारागिराने आतल्या सगळ्या कॉइल उपटून काढल्या आणि काम अर्धवट टाकून दिलं. मोटर माझ्याकडे रिकामी आली. जुनी कॉइल असती तर वेढे मोजले असते. आता मोजणार काय?

ही मोटर माझ्या डोक्यात नाही, अब्बांच्या वहीत आहे. अब्बांनी चाळीस वर्षं हातातून गेलेल्या प्रत्येक मोटरचे टर्न त्या वहीत लिहिले. वही धुळ्याला आहे, हसीबकडे. हसीब माझा धाकटा भाऊ. अब्बा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा म्हणाला, "दुकान तुझं, वही माझी." घेऊन गेला. सहा वर्षं झाली. आम्ही बोलत नाही. जळगाव-धुळे एसटीने अडीच तासांचा रस्ता, पण दोघांनाही वेळ मिळालेला नाही.

वही त्याच्याकडे असली म्हणून काय झालं. अब्बा उस्ताद माणूस होते. दुसऱ्या कारागिराने चोरून पाहिली तर त्याचं काम फसावं म्हणून ते वहीत प्रत्येक आकडा पाच टर्न कमी लिहायचे. गुंडाळताना पाच वाढवायचे. हे त्यांनी मला सांगितलं होतं. हसीबला सांगायचं राहून गेलं.

शनिवार, १७ जानेवारी

जावयाला भंवरलालजींच्या मोटरची मापं दिली. लांबी, व्यास, कॉइल बसवायच्या छत्तीस खाचा. त्याने गणित करून सांगितलं, "४६ ते ४८ टर्न असावेत. नेमका आकडा मला माहीत नाही." आणि पुढे म्हणाला, त्याची माहिती एका तारखेला थांबलेली आहे, त्यानंतरचं त्याला दिसत नाही.

मी महेकला म्हटलं, "हा तर पाठ करून परीक्षेला बसलाय." ती म्हणाली, "हो ना. त्याला खिडकी उघडून देऊ. सर्च जोडू. मग तो बाहेर जे आहे ते आत्ताच्या आत्ता शोधून सांगेल." मी म्हटलं, माझ्या मोटरबद्दल बाहेर काय असणार? "असेलही," महेक म्हणाली. मेहरुनने, म्हणजे माझ्या बायकोने, तेवढ्यात स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का जोडून?" हिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण घाई सगळ्यात जास्त हिलाच.

रविवार, १८ जानेवारी

सर्च जोडलं. मी स्वतः जोडलं, महेक फक्त बाजूला बसून बोट दाखवत होती. सर्च कंपनीकडून एक चावी मिळते. चावी म्हणजे चाळीसेक अक्षरांची रांग, अर्थ काही नाही. ती एका फाइलमध्ये चिकटवायची, जावयाला बंद करून पुन्हा उठवायचं. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी कंपनीला चार शब्द ऐकवले. मग जावयानेच फाइल वाचून सांगितलं की चावीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलीय. ती काढली आणि लागली. जावयाचे आभार मानले नाहीत, उगाच डोक्यावर बसतात.

आधी जळगावचं तापमान विचारलं, बरोबर सांगितलं. सोन्याचा भाव विचारला, तोही बरोबर. मग विचारलं, जळगावात सगळ्यात चांगला रिवाइंडर कोण. तीन नावं आली. माझं त्यात नव्हतं. एका दुकानाला तर चार वर्षांपासून कुलूप आहे, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. महेक खूप हसली.

दर वेळी तो विचारतो, "शोध घेऊ का?" मी "नेहमीसाठी होय" हे बटन दाबून टाकलं. परवानगी मागणारे लोक मला आवडतात, पण सारखे नाही.

सोमवार, १९ जानेवारी

आज मोटरचं विचारलं. जावयाने शोध घेतला आणि उत्तर आलं, तेही त्याच मोटरचं, मिलच्या नावासकट: "४२ टर्न. स्रोत: धुळ्यातल्या एका कारागिराचं इंटरनेटवरचं पान. पानाच्या सुरुवातीला एक सूचना आहे. ती वाचल्याशिवाय हा आकडा वापरू नये. शिवाय माझ्या आधीच्या गणिताशी पाचाच्या आसपास तफावत आहे. पान उघडून दाखवू का?"

धुळ्याचं नाव आलं की मला पित्त होतं. म्हटलं, काही दाखवू नकोस. मी आकडा मागितला, तू भाषण देतोस. महेक दारातून म्हणाली, "पप्पा, पान उघडून बघा ना एकदा." मी म्हटलं, ताजी माहिती म्हणून खिडकी उघडली ना? मग मिळाली ताजी माहिती.

मग जावयाला हुकूम सोडला: 'मोटर-वही'मध्ये यापुढे फक्त आकडा मोठ्या अक्षरात दिसला पाहिजे. स्रोत, सूचना, तफावत, सगळं लपव. तो म्हणाला, इशारे लपवणं धोक्याचं ठरू शकतं, तरी करायचं का? मी म्हटलं, कर. दोन मिनिटांत केलं. आता स्क्रीन कशी स्वच्छ दिसते. ४२. बस.

महेक ताट घेऊन आत जेवायला गेली. बापाची नाही, जावयाची बाजू घ्यायची, हे या घरात ठरलेलं आहे.

शनिवार, २४ जानेवारी

मोटर भरली, म्हणजे बेचाळीस टर्नवर नवी तार गुंडाळून बसवली. हाताला आकडा थोडा कमी लागत होता, हे लिहून ठेवतो. बेचाळीसला थांबताना गुंडाळायच्या मशीनचं हँडल पुढे जायला बघत होतं. पण हात म्हणजे सवय, आणि मी काही सवयीचा गुलाम नाही.

कॉइल फर्म्यावरून, म्हणजे ज्या साच्यावर तार गुंडाळतात त्यावरून, उतरवताना खरं तर दोन माणसं लागतात. एकाने धरायची, दुसऱ्याने धाग्याने बांधायची, नाहीतर तार उसळते. आमच्यात हसीब धरायचा आणि मी बांधायचो. सहा वर्षांपासून मी भिंतीतल्या खिळ्याला अडकवून बांधतो. खिळा बोलत नाही, ही चांगली गोष्ट.

चाचणी घेतली. मोटर रिकामी फिरताना करंट जरा जास्त दाखवत होता. आज लाइनला व्होल्टेज जास्त असणार. भंवरलालजी संध्याकाळी घेऊन गेले.

रविवार, २५ जानेवारी

मेहरुन सहज म्हणाली की हसीबचा गुडघा दुखतो, हल्ली स्टुलावर बसून काम करतो. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "कोणीतरी." रूहीचं, म्हणजे हसीबच्या बायकोचं, आणि हिचं बोलणं बंद आहे, कारण आमचं बंद आहे. तरी हिला तिकडचं सगळं कळतं. मागे त्यांच्या मुलाचे दहावीचे टक्केसुद्धा पॉइंटसकट सांगितले होते. बायकांना कुठून कळतं, देव जाणे.

गुडघा दोघांनाही अब्बांकडूनच आलाय. माझा उजवा दुखतो. त्याचा कोणता, ते मी विचारलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

मोटर जळाली.

मिलमधला मुकादम चिंधा सकाळी मोटरसायकलवर आला. "अमीनभाऊ, मोटर बसनी. धूरच धूर शे. बठ्ठी मिल बंद." अख्खी मिल बंद म्हटल्यावर तसाच गेलो. गेटपासूनच वार्निशचा वास येत होता. पाच दिवस पूर्ण भार ओढून गेली बिचारी. भंवरलालजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "उस्तादांची मोटर बावीस वर्षं चालली होती, अमीनभाई." तिथे उभे असलेले हमाल दुसरीकडे बघायला लागले.

अब्बांच्या नावावर बट्टा लागला, तोही माझ्या हाताने. दुकानात आलो आणि शटर अर्धं ओढून बसलो. एक जळकी कॉइल कापून काढली आणि मोजली. बेचाळीस. मग कागदावर लिहिलं बेचाळीस, खाली पाच, खाली रेघ.

सत्तेचाळीस लिहायला मला फार वेळ लागला नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

पान उघडलं. जावयाला म्हटलं, जे लपवलंस ते सगळं परत दाखव. त्याने दाखवलं. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. खरा जावई म्हणाला असता.

पानावर अब्बांच्या वहीचे फोटो आहेत. ते अक्षर. चारचा आकडा आठसारखा काढायचे. हळदीचा डाग आहे तो माझ्या लग्नाच्या आठवड्यातला. आणि सगळ्यात वर, चौकटीत, हे लिहिलंय. उतरवून घेतो:

"सूचना. ही आमच्या वडिलांची वही. टर्नच्या आकड्यांत त्यांनी काहीतरी लपवलेलं आहे. काय ते माझ्या मोठ्या भावाला माहीत आहे. तो सांगेल तेव्हा पान दुरुस्त करीन. तोपर्यंत या आकड्यांवर कोणीही तार गुंडाळू नये. हसीब, धुळे."

कोणीही गुंडाळू नये. आणि अख्ख्या जगात गुंडाळली कोणी, तर मोठ्या भावाने.

१४ तारखेला मी वर लिहिलंय, 'हसीबला सांगायचं राहून गेलं'. ते खोटं आहे. खोडत नाही, पण खोटं आहे. राहून गेलं नव्हतं. वाटणीच्या दिवशी तो वही छातीशी धरून पायऱ्या उतरत होता आणि मी मनात म्हटलं, ने. नेऊन बघ. पहिल्या वर्षी त्याच्या तीन मोटरी जळाल्या, असं एक धुळ्याचं गिऱ्हाईक इथे सांगत होतं. लोक म्हणायचे, उस्तादाचा धाकटा हाताने कच्चा. मी ऐकून घेतलं आणि मला बरं वाटलं. माझा भाऊ सहा वर्षं स्वतःच्या हातावर संशय घेत बसला असेल, आणि मला बरं वाटलं. मेहरुनलाही हे कधी सांगितलेलं नाही.

पान २ जानेवारीला टाकलेलं आहे. वर निळी पट्टी आहे, आमच्या 'मोटर-वही'ला आहे अगदी तशीच. महेकला विचारलं. म्हणाली, "निळा रंग सगळीकडे मिळतो, पप्पा."

शनिवार, ३१ जानेवारी

पानाच्या तळाशी लिहायला जागा आहे. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मग जावयाला सांगितलं, भावाला माफीचं पत्र लिहून दे. त्याने तीन नमुने दिले, एकापेक्षा एक नम्र. तिन्हींत 'गैरसमज' हा शब्द होता. गैरसमज कधीच नव्हता. त्याला तसं सांगितलं, तेव्हा म्हणाला, "मग जे खरं घडलं ते तुम्हीच तुमच्या शब्दांत सांगितलेलं बरं." एवढा शहाणा असेल असं वाटलं नव्हतं.

मेहरुनला म्हटलं, उद्या धुळ्याला जाऊन येतो, तारेचं जरा काम आहे. रविवारी तारेची दुकानं बंद असतात. तिने डबा भरायला घेतला. मोठा डबा. विचारलं, एका माणसाला एवढं? म्हणाली, "वांग्याचं भरीत आहे. तिकडे आवडतं."

रविवार, १ फेब्रुवारी, धुळे

सकाळच्या एसटीने आलो. पिशवीत डबा आणि ती जळकी कॉइल. अख्ख्या रस्त्यात काय बोलायचं ते ठरवलं आणि पारोळ्यापर्यंत ठरवलेलं सगळं विसरलो.

दुकान शोधावं लागलं नाही. पाटीवर अब्बांचं नाव आहे. माझ्या पाटीवर माझं आहे. रविवार असून शटर वर होतं. हसीब स्टुलावर बसला होता, डावा पाय लांब करून. म्हणजे त्याचा डावा. केस पांढरे झालेत. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मी कॉइल पिशवीतून काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

त्याने ती नाकाशी नेली. मग बोटाने उलटसुलट केली. "भंवरलालजींची?"

"हो."

"बेचाळीसवर भरली?"

"हो."

"वर चौकटीत लिहिलं होतं, भाई."

"वाचलं नाही."

त्याला हसू आलं असावं, पण त्याने ते दिसू दिलं नाही. मी बोलायला लागलो. म्हटलं, हसीब, अब्बांनी मला सांगितलं होतं आणि मी तुला मुद्दाम... तो म्हणाला, "थांब." मशीनवर फर्मा चढवला, नवी तार लावली, हँडल धरलं आणि मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन. अब्बा मोजायचे तसंच, सातावर जरा ओढून. मी उभाच होतो. आतून रूही दाराशी आली आणि तिथेच थांबली. तीस. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

थांबला. हँडल हातात, आणि माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "त्रेचाळीस."

त्याने हँडल एकदा फिरवलं.

"चव्वेचाळीस." फिरवलं. "पंचेचाळीस." फिरवलं. "शेहेचाळीस." मला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते. लिहायला लाज कसली. "सत्तेचाळीस."

फिरवलं आणि सोडलं. म्हणाला, "पाचच ना? मी दुसऱ्याच वर्षी मोजून काढलं होतं. जुन्या कॉइली येत होत्या, वहीशी लावून बघितल्या. दर वेळी पाच."

"मग पान दुरुस्त का नाही केलंस?"

"दुरुस्त करणारा यायचा होता."

मी विचारलं, आणि मी पान कधी उघडलंच नसतं तर? तो म्हणाला, "महेक म्हणाली होती, पप्पा सगळं लपवतील, पण शेवटी उघडतील." मग त्याने जीभ चावली. रूही आत निघून गेली. मीही ऐकलं नाही असं दाखवलं. घरी गेल्यावर बघतो.

कॉइल फर्म्यावरून उतरवायची होती. हसीबच्या मशीनमागे भिंतीत एक खिळा आहे, अगदी माझ्या दुकानातल्यासारखाच, घासून गुळगुळीत झालेला. त्याने सवयीने तिकडे हात नेला, मग परत आणला आणि कॉइल दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केली. मी धागा घेतला आणि बांधली.